खाणीकडची खिडकी

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. फोन का करत नाहीस म्हणून तू पुन्हा विचारलंस, तर पुन्हा सांगतो. फोनवर तू बोलतेस एवढं मला कळतं, काय बोलतेस ते कळत नाही. जन्मभर सुरुंगाची भोकं पाडली, तो आवाज कानात ठाण मांडून बसलाय. मागे शेजारणीनं फोन धरला आणि तुझं बोलणं मला ओरडून सांगितलं, तेव्हा तुझ्या पित्ताची हकिगत खोल्यांच्या साऱ्या ओळीला कळली. त्यापेक्षा पत्र बरं. शिवाय फोनमधून फडकं पाठवता येत नाही.

सोबत या वेळचा तुकडा आहे. खाणीकडच्या खिडकीला सकाळी धूळ अडवायला ओली चादर लावली, संध्याकाळी काढून पिळली आणि सुकल्यावर कडेची पट्टी फाडून पाकिटात घातली. पाणी तांदळाच्या धुवणासारखं निघालं. आई लावायची तेव्हा चुन्यासारखं दाट निघायचं, आठवतं ना? एक टोक आई धरायची, एक मी. आणि तुला ढास लागलेली असतानाही तू खाटेवरून आम्हाला पीळ उलटा बसलाय म्हणून सांगायचीस. पुढे तुझी वहिनी धरायची. आता एक टोक खिडकीच्या गजाला बांधतो आणि एकटाच पिळतो. गज तक्रार करत नाही, पण मी थकलो की थांबावं हेही त्याला कळत नाही.

झाडांचं विचारलंस. खाण बंद पडल्यावर वनखात्यानं ती जमीन आमच्या गावसमितीला लागवडीसाठी दिली, तेव्हाची अट तुला माहीत आहे. तिसऱ्या पावसानंतर साहेब येऊन बघणार. जमीन झाकली गेली असेल तर तिथल्या गवतावर, सरपणावर, मधावर गावाचा हक्क. नाही तर शहरातल्या पाडलेल्या इमारतींचा राडारोडा तिथं आणून टाकणार. यंदाचा पाऊस तिसरा. राडारोडा आला की धूळ आली, आणि धूळ आली की तुझं इथं येऊन राहणं कायमचं संपलं. मेव्हणे गेल्यावर तू लिहिलं होतंस की फडकं स्वच्छ निघेल त्या दिवशी बोचकं बांधून येईन. ते पत्र मी उशाखाली ठेवलंय.

झाडं उभी आहेत, हिरवी आहेत, पण वाढायचं नाव घेत नाहीत. लावली तेव्हा गुडघ्याला होती, अजून गुडघ्यालाच आहेत. खड्ड्यांत खोट नाही. सगळे आमच्या जुन्या भोकंवाल्यांनी खणलेत आणि मी स्वतः आतून हात फिरवून पाहिलेत. पेल्यासारखे गुळगुळीत. मग अडतंय कुठे, देव जाणे.

तब्येतीला जप. लोभ आहेच. तो कमी पडला तर कळव, इथं पुष्कळ शिल्लक आहे.

तुझा,
दादा


२० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पट्टी मिळाली. दोरीवर चिमट्यानं लावली. आता खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तुझ्याच पट्ट्या झाल्यात. सगळ्यात जुनी करडी, मग हळूहळू फिकट. खालचा इस्त्रीवाला कपडे द्यायला आला होता, त्यानं विचारलं की पडद्यांचे नमुने आणलेत का. मी म्हटलं, भावाकडचं हवामान आहे. तेव्हापासून तो माझ्याशी जरा जपून बोलतो.

माझं बरं चाललंय. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. दिवसभर मी आणि मशीन. बोलायला माणूस नाही म्हणून मशीनशी बोलते, आणि ते अडखळलं की मला वाटतं माझं बोलणं त्याला पटलं नाही. यांच्या चपला मी अजून दाराबाहेर ठेवत होते, घरात पुरुषमाणूस आहे असं चोराला वाटावं म्हणून. परवा चोरानं त्याच नेल्या. हसले आधी. मग दार लावून बराच वेळ रडले. नव्या चपला आणून ठेवल्या तर त्या यांच्या थोड्याच होणार आहेत?

दुपारी सुरुंगाच्या भोंग्याची वेळ झाली की मी अजून उठते आणि खिडकी लावते. इथं भोंगा नाही, सुरुंग नाही, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. तरी हात जातो. नवव्या वर्षी मला मावशीकडे पाठवलं, तेव्हा वाटलं होतं की खोकला थांबला की परत नेतील. तिच्याकडे थांबायचा, आपल्या घरी पाऊल टाकलं की पुन्हा सुरू. म्हणून चार दिवसांची पाहुणी होऊनच येत राहिले. आपल्याच घरात पाहुणी, दादा. आई मला चांगल्या कपातून चहा द्यायची ना, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एक विनंती आहे. पाणी गढूळ निघालं तर गढूळच लिहायचं. मला बरं वाटावं म्हणून पट्टी दोनदा धुवून पाठवायची नाही. डॉक्टरांनी साफ सांगितलंय की आता पुन्हा दगडाची धूळ छातीत गेली तर त्यांच्या हातात काही राहणार नाही.

उन्हात टोपी घाल. तुझ्या पुष्कळ शिलकीतला लोभ थोडा थोडा पाठवत राहा, एकदम नको.

तुझी,
धाकटी


११ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गढूळ लिही म्हणालीस, तर घे.

मागल्या आठवड्यात वारा सुटला. फार नाही, कपडे वाळत घालता येतील एवढाच. सकाळी खाणीत गेलो तर वरच्या पायरीवरची झाडं आडवी. मोडलेली नाहीत, नुसती कलंडलेली. मी एक हातात उचललं तर ते अलगद बाहेर आलं, आणि मी त्याच्या मुळांचा आकार निरखून बघितला. खड्डा जसाच्या तसा. पेल्यातून काढल्यासारखा.

नव्या वनरक्षक बाई आल्या होत्या. वयानं माझ्या निम्म्या असतील. मी त्यांना म्हटलं, खड्ड्यात खोट नाही, हात घालून बघा. त्यांनी हात घातला, आतून फिरवला, आणि म्हणाल्या की काका, खोट हीच आहे. भिंत इतकी गुळगुळीत आणि दाबलेली आहे की मूळ तिला जाऊन टेकलं आणि पुढे वाटच नाही असं समजून वळलं. गोल गोल फिरत राहिलं. दोन पावसाळे गेले तरी एकही मूळ खड्ड्याबाहेर गेलेलं नाही.

आता तुला सांगतो ते नीट वाच. सुरुंगाचं भोक सरळ आणि गुळगुळीत लागतं. कंगोरा राहिला तर दारू अडकते आणि माणूस जातो. बाबांनी मला हेच शिकवलं, मी पोरांना हेच शिकवलं. आमच्या ओळीतला कुणीही डोळे मिटून असं भोक पाडील. झाडाचे खड्डे खणायची वेळ आली तेव्हा आम्ही तेच केलं, वर भोकं साफ करायच्या लांब दांड्याच्या चमच्यानं आतून घासले, आणि मी मिशीला पीळ देत फिरलो. दुसऱ्या कुठल्याही गावानं ओबडधोबड खणले असते आणि त्यांची झाडं आज डोक्यावर गेली असती.

बाई म्हणतात, पावसाआधी सगळ्या भिंती पहारीनं फोडायच्या. निम्मी झाडं त्यात मरतील. समितीत भांडणं झाली. कुणी म्हणतं आहेत तशी राहू दे, साहेबांना हिरवी दिसली म्हणजे झालं. मी फोडायच्या बाजूनं हात वर केला आणि घरी येऊन जेवलो नाही.

तू इकडे यायचं मनातून काढून टाक, धाकटे. तिथंच एखादी हवेशीर खोली बघ. माझ्या भरवशावर राहू नकोस. माझ्या हातानंच माझं घालवलं.

सोबत पट्टी आहे. लोभ कसला मागू, तूच ठरव.

दादा


२८ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आलंय, माफ कर. टेबल हलतंय.

पत्र वाचून तुझा राग आला आणि हसूही आलं. लहानपणी तू शर्टाची घडी अशी घालायचास की आईला ती मोडवत नसे, आणि सणासुदीला तू जुनाच शर्ट घालून फिरायचास. तुझं सगळं आयुष्य असंच नीटनेटकं आणि घडीत. आता फोड एकदा. भिंती फोडायच्या म्हणजे तुझी विद्या वाया गेली असं नाही. ती दगडासाठी होती, दगड संपला.

हवेशीर खोली बघ म्हणे. हवा इथंही आहे रे. ती खाणीच्या बाजूनं येत नाही, एवढंच.

गणवेशांचं जाड खाकी कापड उरलं होतं, त्याचे हातमोजे शिवलेत. पार्सल वेगळं केलंय. पहार मारताना बायकांच्या हातांना फोड येतील, त्यांना आधी दे. तुझा जोड मोठा आहे, आत तुझी खूण म्हणून लाल दोरा घातलाय. दुसऱ्याला देऊ नकोस.

लोभ तू मागितला नाहीस तरी पाठवलाय. हातमोज्यांतच असेल कुठेतरी.

धाकटी


१५ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

फोडलं. सगळं.

तुला हसू येईल म्हणून सांगतो. आम्हा म्हाताऱ्या भोकंवाल्यांना वाकडा खड्डा जमेचना. पहार मारली की हात आपोआप सरळ जायचा, आणि फोडता फोडता भिंत पुन्हा साफ व्हायची. बाई डोक्याला हात लावून बसल्या. शेवटी मला सुचलं आणि मी पहार डाव्या हातात घेतली. मग सगळ्यांनीच घेतली. ज्यांच्या बोटांना जन्मभर सवय होती ती माणसं डाव्या हातानं शाळेतल्या पोरांसारखी धडपडत होती. बायका उजव्याच हातानं मारत होत्या आणि आम्हाला हसत होत्या. त्यांनी कधी भोकं पाडली नव्हती, त्यांचे खड्डे पहिल्यापासून छान वाकडे.

हातमोजे पोचले. लाल दोऱ्याचा जोड माझ्याकडेच आहे.

मोकळ्या केलेल्या मातीवर बाईंनी कसलंसं गवताचं बी फेकायला लावलं. या डोंगरावर पूर्वी असायचं तेच, म्हणाल्या. मी फेकलं, पण मनात म्हटलं की झाडं मरताहेत आणि ही गवत पेरते आहे. निम्मी झाडं गेलीच. उरलेली तग धरतील की नाही, सांगता येत नाही. खोदकामाची धूळ उडाली, त्यामुळे सोबतची पट्टी पुन्हा करडी आहे. तुझ्या दोरीवर मागे जाऊन लाव.

आता तुझ्याबद्दल. टेबल हलतंय म्हणालीस. ते टेबल मी तुझ्या लग्नानंतर तिथं येऊन भिंतीत खिळे मारून बसवलंय. माझं काम हलत नाही, झाडांचं सोडलं तर. मग ते पत्र कुठून लिहिलंस? खरं खरं कळव. गढूळ असेल तर गढूळ.

वाट बघतो.

दादा


४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे काही लपत नाही. इस्पितळाच्या खाटेवर मांडीवर पाट घेऊन लिहिलं होतं. दम लागला, जिन्यात बसले, इस्त्रीवाल्यानं रिक्षा करून नेलं. तिथं अर्जावर जवळच्या माणसाचं नाव विचारलं. मी तुझं सांगितलं. फोन नंबर विचारला तेव्हा म्हटलं, त्याला ऐकू येत नाही, पत्र घाला. अर्ज भरणाऱ्या बाईनं ती जागा कोरीच सोडली.

आता घरी आहे. जिना चढायला वेळ लागतो, पण वर जाऊन तरी घाई कसली आहे?

दादा, आता पट्ट्या पाठवू नकोस. रागावून म्हणत नाही. पाकीट उघडताना जीव वर-खाली होतो, आणि तो आता पूर्वीसारखा लगेच खाली बसत नाही. मी तिकडे यायची नाही, हे दोघांनाही कळलंय. मग उगाच चादरी का फाडायच्या? दोरी काढलेली नाही, पण तिकडे पाठ करून बसते.

नुसतं पत्र पाठव. तेवढ्यावर माझं भागतं.

धाकटी


९ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू नको म्हणालीस म्हणून दोन महिने पट्टी पाठवली नाही. चादर मात्र लावत होतो. सवय. खिडकी उघडी बघवत नाही.

आज पाठवतोय आणि ही शेवटची. आज चादर पिवळी निघाली. अशी पिवळी मी जन्मात पाहिली नाही. आपला दगड काळा, त्याची धूळ करडी. पण मागच्या डोंगराला पिवळा मुरूम आहे. तिथं कुणीतरी यंत्र लावलं असणार, मला ऐकू येत नाही म्हणून कळलं नाही. कुणाला विचारायला गेलो नाही. ऐकून काय करायचं होतं? चादर पिळलीही नाही. ओलीच फाडली, सुकवली आणि पाकिटात घातली, म्हणजे तुला सगळं दिसेल आणि आपलं बोलणं एकदाचं संपेल.

पुढच्या आठवड्यात साहेब येणार. झाडं मोजकीच उभी आहेत. मी त्या दिवशी घरीच बसायचं ठरवलंय.

तुझी वहिनी असती तर म्हणाली असती की एवढं मनाला लावून घेऊ नका. ती नाही, तेव्हा मी लावून घेतलंय. तुला इथं आणून तुझ्या जागी बसवायचं, बस्स, एवढंच हवं होतं मला. दुसरं काही मागितलं नव्हतं.

सांभाळून राहा.

दादा


१४ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र जलद डाकेनं पाठवतेय, घाईत आहे, चुका पोटात घाल.

तुझी पट्टी काल मिळाली. आधी मीही रडले. मग काय वाटलं कोण जाणे, पट्टीची घडी करून दातांखाली धरली. लहानपणी धरायचो तशी, आठवतं? आई ओरडायची, पण धूळ किती आहे हे आपल्याला त्यावरूनच कळायचं. दगड असला की करकरायचा, आणि मुरूम तर दगडापेक्षा जास्त करकरतो. तूच मला सांगितलं होतंस.

दादा, करकर नाही. पुन्हा पुन्हा चावून बघितलं. नुसतं मऊ. बोटांवर घासलं तर पिठासारखं पसरलं आणि वास आला. आपल्या घराचा वास मला खोकल्याशिवाय कधी आलाच नव्हता, म्हणून ओळखायला वेळ लागला. हा गवताच्या फुलोऱ्याचा वास आहे रे. मावशीच्या घरामागे माळ होता. गवत तुऱ्यावर आलं की तिच्या पांढऱ्या साडीवर हाच रंग चढायचा.

तू झाडांकडे बघत बसलास आणि गवताकडे बघितलंच नाहीस, असंच ना? सकाळी ऊन आलं की उठ, खाणीत जा, आणि गवताच्या तुऱ्याला टिचकी मार. काय उडतं ते बघ आणि मला कळव. साहेबांच्या वेळी घरी बसलास तर मी तुझ्याशी कधी बोलणार नाही. पत्रातही नाही.

डॉक्टरांना पट्टी दाखवली. त्यांना वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. मग म्हणाले की यानं शिंका येतील, थोडा त्रास होईल, औषध जवळ ठेवायचं, आणि गवत कापून झालं की जायला त्यांची हरकत नाही. छातीत बसते ती दगडाची. मी म्हटलं, डॉक्टर, मी जन्मभर दगडासाठी खोकले, आता गवतासाठी थोडी शिंकेन.

पण जमीन राडारोड्याला गेली तर काय करायचं, ते मला सुचत नाही. म्हणून बोचकं अजून बांधलेलं नाही. फक्त काढून ठेवलंय.

धाकटी


२६ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टिचकी मारली. सगळा शर्ट पिवळा झाला.

मी मूर्ख आहे, हे तू लिहायचं टाळलंस, म्हणून मीच लिहितो. फुटलेल्या भिंतींमधून, खड्ड्यांच्या मधून, पायऱ्यांवरून, सगळीकडे कमरेइतकं गवत उभं होतं. मी रोज त्यातूनच चालत जाऊन झाडं मोजत होतो.

साहेब आले तेव्हा मी तिथं होतो. ते वर बघत नव्हते, खाली बघत चालले होते. मध्येच गवत बाजूला करून माती चिमटीत धरायचे. बाईंनी एक झाड बोटानं हलवून दाखवलं, ते हललं नाही. मूळ धरलंय त्यानं. साहेब मला काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही, पण बायका टाळ्या वाजवत होत्या ते दिसलं. मग शेजारणीनं कानात ओरडून सांगितलं की जमीन झाकली गेलीय, गावाकडेच राहणार. मी तिला दोनदा ओरडायला लावलं. ऐकू तर पहिल्याच वेळी आलं होतं.

आता कापणी चालू आहे. प्रत्येक घराला भारे मिळाले. शेजारणीच्या शेळ्या इतक्या गवताला बिचकल्या आणि आधी नुसत्याच बघत उभ्या राहिल्या. आपल्या खिडकीसमोरचं गवत मी स्वतः कापतोय, लाल दोऱ्याचे हातमोजे घालून. महिनाअखेरीला संपेल. तुझी खाट खिडकीशी हलवलीय. साधा कप धुवून ठेवलाय, चांगला कप शेजारणीला देऊन टाकला.

काल चादर लावली होती. पाणी कसं निघालं ते लिहीत नाही, कारण पिळलीच नाही. बादलीत तशीच पडून आहे. गजाला बांधून एकट्यानं पिळायचा मला कंटाळा आलाय. तू ये आणि दुसरं टोक धर.

तुझा,
दादा